घरात एक आजारी पडला की अख्खं घर आडवं होऊ नये म्हणून : आमच्या वन बीएचकेत जमलेला जुगाड

मागच्या गणपतीला आमच्याकडे पाच दिवसांत पन्नासेक माणसं येऊन गेली असतील. कोपरखैरण्यातला वन बीएचके, बाहेर धो धो पाऊस म्हणून खिडक्या बंद, चुलतसासऱ्यांना उकडतं म्हणून एसी चालू, आणि संध्याकाळच्या आरतीला त्या एवढ्याशा हॉलमध्ये वीस-बावीस जण खांद्याला खांदा लावून तारस्वरात आरत्या म्हणतायत. नणंदेचा मुलगा जरा शेंबडा होता, डोळे लाल, पण "काही नाही गं, पावसात भिजलाय" म्हणून सोडून दिलं सगळ्यांनी. विसर्जनाच्या दिवशी नवऱ्याला ताप, दुसऱ्या दिवशी मला आणि लेकीला, मग फोनवर फोन, बदलापूरला तिघं, कळव्याला दोघं, आणि आमच्या सासूबाई, ज्यांना आधीच दमा, त्यांना चार दिवस ऍडमिट. रिपोर्ट आला इन्फ्लुएंझा ए, म्हणजे फ्लू.

आणि काळजी घेतली नव्हती असं अजिबात नाही हां. दारात सॅनिटायझरची बाटली होती, प्रसादाआधी सगळ्यांना हात धुवायला पिटाळत होते मी. हात चकाचक, आणि हवा मात्र सगळे एकमेकांची उष्टी घेत होतो.

त्यानंतर मी डॉक्टरांचं डोकं खाल्लं, बरंच वाचलं, घरात नाही नाही ते प्रयोग केले. मी डॉक्टर नाही, ऐरोलीला आयटीत आहे, त्यामुळे औषधं काय घ्यायची ते मला विचारू नका, पण एकाकडून दुसऱ्याकडे जाणं कसं कमी करायचं एवढं आता बऱ्यापैकी जमतंय.

आधी उदबत्ती लावा

शब्दशः. बंद खोलीत कोपऱ्यात एक उदबत्ती लावा आणि दोन-पाच मिनिटांनी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा. वास आला ना? खोकलेल्या, बोललेल्या, गायलेल्या माणसाच्या तोंडातून जे बारीक कण निघतात ते असेच तरंगतात. मोठे थेंब हातभर अंतरावर खाली पडतात हे खरं, पण बारीकवाले नाही पडत, ते खोलीभर फिरतात आणि हवा बदलली नाही तर साचत जातात. गोवराचा विषाणू तर माणूस खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडीत गोवर पसरला होता तेव्हा बातम्या वाचल्या असतील, ज्यांच्या मुलांचे ९ महिन्यांनंतरचे आणि दीड वर्षाच्या आसपासचे एमआरचे (गोवर-रुबेला लसीचे) डोस राहिलेत त्यांनी हे वाचणं थांबवून आधी लसीकरणाचं कार्ड शोधा.

हे आपल्याला उशिरा कळलं त्यात आपलीच चूक नाही. २८ मार्च २०२० ला खुद्द डब्ल्यूएचओने कोविड हवेतून पसरत नाही असं ठणकावून सांगितलं होतं, नंतर त्यांनाच ते बदलावं लागलं. तोपर्यंत आपण भाजीच्या पिशव्या धुवून, बटाट्यांना साबणाने आंघोळ घालून मोकळे. त्याच महिन्यात, १० मार्चला, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली होती, ६१ जण हजर, त्यात एकाला सर्दीसारखं काहीतरी होतं, आणि शेवटी त्याला धरून ५३ जण आजारी, दोघं गेले. हे मी वाचलं तेव्हा मला आमची आरतीच दिसली. मोठ्याने गाणं म्हणजे नुसत्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर.

हात धुवायचे नाहीत असं नाही. साध्या सर्दीचे विषाणू हातावरूनही नाका-डोळ्यांत जातात, शेंबूड पुसून दाराच्या कडीला हात लावणारी पोरं घरात असतील तर साबण हवाच, वीस सेकंद चोळून. पण फक्त हात धुवून समाधान मानू नका एवढंच.

रुग्णाची खोली

हा सगळ्यात कामाचा भाग, आणि इथेच सगळे चुकतात. आपण काय करतो, आजारी माणसाला बेडरूममध्ये ठेवतो, खिडकी लावतो ("वारं लागेल"), पंखा बारीक, दार लोटलेलं, आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट भसाभस चालू. आता विचार करा, एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतोय म्हणजे ती कुठून तरी ओढणारच, खिडक्या बंद असतील तर बेडरूमच्या दाराखालच्या फटीतून ओढतो, म्हणजे रुग्णाची हवा हॉलमधून फिरून तुमच्या पोळपाटापर्यंत. आमच्याकडे अगदी हेच होत होतं.

उलटं करायचं. हवा घराकडून रुग्णाच्या खोलीत आणि तिथून खिडकीबाहेर, अशी एकच दिशा. त्यासाठी एक साधा टेबल फॅन घ्या, रुग्णाच्या खिडकीत तोंड बाहेर करून ठेवा. आपल्याकडच्या स्लायडिंग खिडक्या अर्ध्याच उघडतात ते इथे बरंच आहे, उघड्या अर्ध्या भागात फॅन आणि त्याच्या बाजूची, वरची मोकळी जागा पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने बंद, नाहीतर बाहेर फेकलेली हवा तिथूनच परत आत येते. बॉक्स ग्रील असेल तर फॅन ठेवायला आयतं कट्ट्यासारखं मिळतं, पण पावसात तो फॅन आणि वायर भिजत नाहीये ना हे बघा, शॉक लागून आणखी एक पेशंट नको. मच्छरांची जाळी असेल तर ती आधी धुवा, आमच्या जाळीवर एवढी धूळ होती की ती जाळी नाही, पडदाच होता, धुतल्यावर काळं पाणी निघालं.

हॉलची एखादी खिडकी बोटभर का होईना उघडी ठेवा, हवा आत यायला वाट पाहिजे. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आणि चिमणी लावायची असेल तेव्हा स्वयंपाकघराचीच खिडकी उघडा म्हणजे तो तिथलीच हवा ओढेल.

मग परत उदबत्ती. रुग्णाच्या खोलीचं दार लावा, बाहेरून दाराखालच्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर खोलीच्या आत ओढला गेला की जमलं. धूर तुमच्याच तोंडावर आला तर दिशा उलटी आहे, कुठलातरी दुसरा पंखा जास्त ओढतोय, शोधा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा धूर सरळ वर जात होता, ना आत ना बाहेर, हॉलची खिडकी उघडल्यावर एकदम वाकून फटीत घुसला, लेकीला ते एवढं आवडलं की तिने चार उदबत्त्या संपवल्या. दमेकरी घरात असेल तर ही टेस्ट ते खाली फेरी मारायला गेल्यावर करा, उदबत्तीचा धूर त्यांना वाईटच.

टेबल फॅन नसेल तर अटॅच्ड बाथरूमचा एक्झॉस्ट दिवसभर चालू आणि बाथरूमचं दार उघडं, त्यानेही बरंच होतं. पण एक भानगड आहे, बऱ्याच बिल्डिंगमध्ये बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि त्याच डक्टमध्ये वरच्या-खालच्यांच्याही खिडक्या असतात. रस्त्याच्या बाजूची खिडकी असेल तर तीच वापरा. डक्टवरून आठवलं, न वापरलेल्या बाथरूमच्या किंवा गॅलरीच्या नहाणी ट्रॅपमधलं (जाळीखालच्या वाकड्या पाइपात साचून ड्रेनेजची हवा अडवणारं) पाणी सुकतं, मग ड्रेनेजची हवा थेट घरात येते. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स नावाच्या सोसायटीत सार्स, म्हणजे कोविडच्याच कुळातला आजार, तीनशेच्या वर लोकांना झाला त्यात अशा सुकलेल्या ट्रॅपचा मोठा वाटा धरला गेला. उपाय काय तर आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. झुरळंही कमी येतात.

सीलिंग फॅनबद्दल सगळे विचारतात. सीलिंग फॅन हवा ढवळतो, बदलत नाही. खिडकी उघडी असेल तर फायदा, बंद असेल तर चहात साखर ढवळल्यासारखं. स्प्लिट एसीही तसाच, आतलीच हवा गार करून परत आत, बाहेरची हवा तो आणतच नाही. एसी लावायचाच असेल तर खिडकी दोन बोटं उघडी ठेवून लावा, बिल वाढेल थोडं, ऍडमिशनच्या बिलापेक्षा कमी.

आणि रात्री कधीकधी आसपासच्या कारखान्यांच्या केमिकलचा वास येतो म्हणून खिडकी उघडता येत नाही, हे ऐरोली-घणसोली-कोपरखैरणेवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्या वेळी प्युरिफायर.

प्युरिफायर घेताना जाहिरात बघू नका, सीएडीआर बघा, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो ते. हिशोब सोपा आहे : खोलीची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं फुटात, भागिले ३५, आले घनमीटर. आमचा हॉल १० बाय १५, उंची ९, म्हणजे १३५० भागिले ३५, साधारण ३८. सीएडीआर ३०० चा प्युरिफायर म्हणजे तासाला जवळजवळ आठ वेळा हवा गाळली जाते. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०२३ पासून निदान पाच वेळा सांगितलंय, म्हणजे भागतं. पण तो आकडा फुल स्पीडचा असतो, आवाज होतो म्हणून स्लीप मोडवर ठेवला की पाचही होत नाहीत. हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर हवा, आयोनायझर, ओझोनवाले प्रकार नकोत, ओझोन दमेकऱ्याला उलट त्रास देतो. प्युरिफायर एकच असेल तर रात्री रुग्णाच्या खोलीत.

अजून एक खेळणं घेतलं मी, सीओटू मीटर, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतं, आपण सोडलेल्या श्वासात चाळीस हजारांच्या आसपास, त्यामुळे खोलीतला आकडा जेवढा वर तेवढी तुम्ही दुसऱ्यांनी सोडलेली हवा घेताय. आठशेच्या खाली ठेवायचं असं धरून चाला. एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेडने खरा सीओटू मोजणारा) लिहिलेलाच घ्या, एकदम स्वस्तातले नुसते अंदाज दाखवतात. आमच्या बेडरूममध्ये एसी लावून तिघं झोपलो तर सकाळी एकवीसशे! सकाळी डोकं जड का व्हायचं ते पण कळलं. लक्षात ठेवा, प्युरिफायरने हा आकडा कमी होत नाही, तो कण गाळतो, सीओटू नाही, त्यामुळे "प्युरिफायर बिघडला" म्हणून नवऱ्याने केला तसा कस्टमर केअरला फोन करू नका.

मास्क

दिवसभर मास्क लावून फिरा असं मी म्हणणार नाही, कोणी फिरणार पण नाही. जागा निवडा. साधी लोकल, म्हणजे ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून सुटणारी आपली पनवेल-वाशी, दारं-खिडक्या उघडी, चालू गाडीत हवा खेळती असते, गर्दी असली तरी निदान वारं आहे, पण सकाळी शेजारचा खांद्यावर शिंकतोय तर खिशातला मास्क काढा. एसी लोकल, एसी बस, बंद कॅब, तिथे लावा. साथीच्या दिवसांत लिफ्टमध्ये लावा. आणि सगळ्यात डेंजर जागा म्हणजे डॉक्टरांच्या क्लिनिकची वेटिंग रूम! एक दहा बाय दहाचा गाळा, काचेचं दार, एसी, आणि बारा जण खोकतायत. आपण बीपीची गोळी लिहून घ्यायला जातो आणि फ्लू घेऊन येतो. नाव लिहून बाहेर फुटपाथवर उभं राहायचं, रिसेप्शनवरच्या ताईंना सांगायचं नंबर आला की मिस कॉल द्या. देतात त्या. मी एकदाच विचारलं, आता अर्धे पेशंट बाहेर उभे असतात.

मास्क कोणता, तर एन९५ किंवा आपल्या आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी२. एन९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवतो, पण कडेने हवा शिरत असेल तर ते ९५ कागदावरच. कानात अडकवण्यापेक्षा डोक्यामागे दोन पट्टेवाला जास्त घट्ट बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा, जोरात श्वास सोडा, गालाशी किंवा डोळ्यांकडे वारं लागलं तर बसला नाही, चष्म्यावर वाफ येणं ही पण तीच खूण. दाढीवाल्यांना नीट बसत नाही, सॉरी. व्हॉल्ववाला घेऊ नका, तो तुमचा उच्छ्वास न गाळता दुसऱ्याच्या तोंडावर सोडतो. धुवायचा नाही, पाण्या-साबणाने त्यातला कण खेचून धरणारा इलेक्ट्रोस्टॅटिक चार्ज जातो, मग तो नुसता फडका. कागदी पिशवीत टांगून सुकवला तर बरेच दिवस जातो, ओला, मळका किंवा सैल झाला की टाका. आमच्याकडे चपलांच्या रॅकशेजारी चार खिळे आहेत, प्रत्येकाच्या नावाची पिशवी, सासूबाईंच्या पिशवीवर लेकीने फूल काढलंय.

घरात रुग्ण असेल तर त्याची आणि त्याच्या खोलीत जाणाऱ्याची, दोघांचीही तोंडं झाकलेली. जेवण वेगळं, वेगळ्या वेळी, कारण जेवताना मास्क निघतोच. ताप औषधाशिवाय पूर्ण एक दिवस उतरलेला असला की बाहेर यायला हरकत नाही, पण पुढचे पाच दिवस घरातल्यांमध्ये मास्क. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच पसरवायला लागतो, त्यामुळे एकाला ताप आला की बाकीच्यांनी आपणही त्याच बसमध्ये आहोत असं धरून दोन-तीन दिवस आज्या-आजोबांपासून लांब राहावं.

लस आणि डॉक्टर

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात एकदा आणि जानेवारी ते मार्च एकदा असा डोकं वर काढतो, म्हणजे गणपती बरोबर त्यातच. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी घेऊन टाकायची, दरवर्षी, कारण विषाणू बदलत राहतो. नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वेळी दोन डोस लागतात, महिन्याच्या अंतराने. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण ऍडमिट व्हायची वेळ येणं कमी होतं, आणि माझ्यासाठी मुद्दा तोच. साठीच्या पुढच्यांनी, दमा-शुगरवाल्यांनी न्यूमोकोकलचं, म्हणजे न्यूमोनियाच्या लसीचंही विचारून घ्या.

फ्लूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, त्यामुळे घरात वयस्कर किंवा गरोदर बाई किंवा दमेकरी असेल तर "बघू तीन दिवस" करू नका. आणि उरलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप कपाटातून काढून स्वतःच सुरू करू नका, विषाणूवर ती चालतच नाही. ऑक्सिमीटर असेल तर ९४ च्या खाली आकडा आला की फोन, नखाला नेलपेंट किंवा बोटाला मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो म्हणून दुसऱ्या बोटावर बघा. लहान मुलांचे श्वास मिनिटभर मोजा, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडतोय, तर तडक निघा. कापराची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढत नाही, आणि कापूर पोराच्या पोटात गेला तर झटके येतात, शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, चालेल. आलं-गवती चहाचा काढा प्या खुशाल, घशाला बरं वाटतं.

दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला तर मात्र "ऍलर्जी असेल" म्हणू नका. टीबीसुद्धा हवेतूनच जातो, थुंकीची तपासणी आणि औषधं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना हजार रुपये खात्यात मिळतात. लाज कसली त्यात, निदान लवकर झालं तर घरातले वाचतात.

बाहेरून येणारे

हा मुद्दा लोकांना आवडत नाही. आमच्या कामाच्या मावशी चार घरं करतात, ताप असला तरी येतात कारण खाडा झाला की पैसे कापतात. मग त्या चार घरांत ताप फिरतो आणि आपण म्हणतो हवा खराब आहे. आमच्या मजल्यावरच्या तीन घरांनी ठरवलं, ताप-खोकला असेल तर पगारी सुट्टी, फक्त आदल्या रात्री मेसेज टाका. आतापर्यंत वर्षात सहा दिवस झाले. सहा! वॉचमन दादांच्या केबिनला खिडकी होती पण खिळे मारून बंद, ती सोसायटीकडून उघडून घेतली. ट्यूशनवाल्या मॅडमना विचारून बघा, क्लासची खिडकी उघडता का, मी मीटर घेऊनच गेले होते, २६०० दाखवला तेव्हा त्यांनीच पडदा बाजूला केला.

यंदाच्या गणपतीला काय केलं, तर आरती गॅलरीकडचं दार सताड उघडं ठेवून, एसी बंद, पेडेस्टल फॅन दाराकडे तोंड करून, समया विझतील म्हणून चुलतसासरे कुरकुरले तर समईला काचेची चिमणी आणली. लोकांना वेळ वाटून दिली, सकाळी ठाण्याचे, संध्याकाळी नवी मुंबईचे, एका वेळी दहाच्या वर नकोत. ग्रुपवर आधीच टाकलं होतं, ज्यांना सर्दी-ताप आहे त्यांनी व्हिडिओ कॉलवर दर्शन घ्या, मोदक घरपोच मिळतील. नणंदेच्या मुलाला नेमकी परत सर्दी. नणंद आली नाही, जरा रागावली, एकवीस मोदकांचा डबा नवरा कळव्याला जाऊन दारात ठेवून आला. मीटर आरतीच्या वेळी ९४० पर्यंत गेला, आठशेच्या आत काही राहिला नाही, पुढच्या वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीत पण फॅन लावून बघणार आहे.